बसायला जागा

फोन उचलला तर पलीकडून आवाजच नाही. मी दोनदा हॅलो म्हटलं. मागे कुठंतरी बस गेली, मग कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटलं. रेंज नसेल म्हणून मी माहेरच्या घराच्या मागच्या दारानं गोठ्याजवळ गेले, तिथं जरा बरी येते. स्क्रीनवर नाव होतं ‘अलिबाग’. एक मिनिट झालं, दीड मिनिट झालं. शेवटी मीच म्हणाले, “दादा गेला गं.”

“हो,” ती म्हणाली, आणि मग बोलायला लागली.

मी स्टेटसला दादाचा फोटो ठेवला होता, त्यावरून तिला कळलं. ती आधी का बोलली नाही, हे मला ठाऊक होतं. तेरा वर्षांपूर्वी तिच्या घरी मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

पुण्यात नर्सिंगला असताना हॉस्टेलमध्ये आम्ही एकमेकींना गावाच्या नावानं हाक मारायचो. ती अलिबाग, मी यवतमाळ. खरं तर ती अलिबागपासून आत असलेल्या एका खेड्यातली आणि मी घाटंजी तालुक्यातली, पण हॉस्टेलमध्ये तालुके कोण विचारतं? “अलिबागहून आलीस का गं?” हे तिला रोज कुणीतरी म्हणायचंच, आणि ती दर वेळी सरळ चेहऱ्यानं “हो” म्हणायची. शुक्रवारी संध्याकाळी ती दिवा लावायची, म्हणून आम्हाला आधी ती ख्रिश्चन वाटली. मग एकदा जातीचा विषय निघाला, हॉस्टेलमध्ये तो निघतोच. मी म्हटलं, आम्ही तेली. ती म्हणाली, आम्हीपण. मी चाट पडले.

ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली, अशी त्यांची गोष्ट. पुढे ते तेलाचा घाणा चालवायला लागले आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथला, घाणा बंद ठेवायचे. म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. ज्या गावात राहिले त्याचं आडनाव लावलं, घरात मराठीच बोलले. जुन्या हिंदी सिनेमातला तो टकला, हसरा डेव्हिड आठवतो ना? तो डेव्हिड अब्राहम चेऊलकर, चेऊल म्हणजे चौल. माझ्या आजोबांच्या घरीही लाकडी घाणा होता, जवसाचा. त्याला सुटी कधी असायची, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

2009 च्या पावसाळ्यात तिचे वडील गेले. वॉर्डनबाईंनी तिला एकटीला सोडलं नाही, मला सोबत धाडलं. आम्ही रात्री पोचलो तोवर माती देऊन झाली होती. त्यांच्यात मयत रात्रभर ठेवत नाहीत. दारात पोचलो आणि मला पहिल्यांदा दिसली ती तिच्या धाकट्या भावाच्या शर्टाची कॉलर, डाव्या बाजूला फाटलेली. मला वाटलं, गर्दीत फाटली. ती मुद्दाम फाडतात. आई-वडिलांसाठी डाव्या बाजूला, काळजावर. बाकीच्यांसाठी उजव्या.

आरशावर चादर टाकलेली. काचेच्या पेल्यात तेलाचा दिवा, तो सात दिवस विझू द्यायचा नाही. घरचे सगळे जमिनीलगत बसलेले. याला शिवा बसणं म्हणतात. आपल्या शिवाशी त्याचा काही संबंध नाही, हिब्रूत सात म्हणजे शिवा. आमच्यापुढे ताटं आली. मसुराची आमटी, उकडलेली अंडी, भाकरी, सगळं शेजारच्या घरून आलेलं. माती देऊन आल्यावर पहिलं जेवण घरचं चालत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे याला कडू घास म्हणतात. तिची आत्या म्हणाली, “मसुराला तोंड नसतं, बघ. एवढीशी फटसुद्धा नसते. ज्याच्या घरी असं झालं, त्यालाही तोंड नसतं.”

म्हणून भेटायला येणाऱ्यानं आधी बोलायचं नाही. यायचं, बसायचं. दुःखातल्या माणसाला वाटलं तर तो बोलेल, मग आपण. नाही वाटलं तर गप्प बसून उठायचं. शेजारच्या बायका दारातूनच हंबरडा फोडत आल्या तेव्हा आत्यानं त्यांना हातानं धरून हळूच खाली बसवलं. मी त्या घरात सात दिवस होते. तितक्या दिवसांत तिच्या आईला कुणी काही विचारलं असेल, तर “पाणी देऊ?” एवढंच.

मधे शनिवार आला. सगळे उठले, धुतलेले कपडे घातले, जणू काही झालंच नाही. शब्बाथला उघड शोक करायचा नाही. अंधार पडल्यावर परत खाली बसले. हे मला तेव्हा फार विचित्र वाटलं होतं. आज वाटत नाही. एक दिवस तरी कुणीतरी ‘ऊठ’ म्हणून सांगणारं हवं.

कद्दिशला, म्हणजे गेलेल्यासाठी म्हणायच्या प्रार्थनेला, दहा पुरुष लागतात. गावात तेवढे ज्यू उरलेच नव्हते, 1948 नंतर घरं रिकामी होत गेली होती. मग कुणी एसटीनं, कुणी मोटारसायकलवर, रेनकोट झटकत यायचे. आठ जमले की नवव्या-दहाव्याची वाट बघायची. ‘यितगदल वेयितकदश’ अशी सुरुवात, भाषा हिब्रूही नाही, अरामी. मी अर्थ विचारला तर कळलं, त्यात मरणाचं नावसुद्धा नाही. देवाचं नाव मोठं होवो, एवढंच. मुलानं हे अकरा महिने म्हणायचं. बारा का नाही? तर पाप्याचा न्याय बारा महिने चालतो म्हणे, आणि आपल्या बापाला पापी धरायचं नसतं, म्हणून एक महिना आधीच थांबायचं. सतरा वर्षांचा भाऊ अडखळत म्हणायचा आणि तिला पाठ असूनही ती मागे बसून ऐकायची, दहांत ती धरलेलीच नव्हती. “मला येतं त्याच्यापेक्षा चांगलं,” रात्री ती मला म्हणाली. तिकडे सगळंच छान आणि आपल्याकडे सगळंच वाईट, असं मी लिहितेय असं कुणी समजू नये.

सातव्या दिवशी सकाळी थोडा वेळ बसले आणि मग एक वयस्कर काका म्हणाले, “उठा.” आई, ती आणि भाऊ घराबाहेर पडले. नारळाच्या वाडीच्या कडेनं, विहिरीवरून, पुढच्या दारानं परत. एक फेरी. बाकी काही नाही. मी ओट्यावरून पाहत होते.

आता माझ्या घरचं.

4 सप्टेंबर 2022, रविवार, महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. मी सासरी सोळा भाज्या चिरत होते तेव्हा फोन आला. त्या साली जुलैपासून पावसानं यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर सगळं झोडपलं होतं. दादाची दुबार पेरणी झाली होती, तीही पाण्यात उभी. कसं गेला ते मी इथं लिहिणार नाही. स्वतःहून गेला, एवढं पुरे. नऊ दिवसांपूर्वी पोळा झाला, दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला त्यानं पोराच्या लाकडी बैलाला बेगड लावून दिलं होतं, शिंगांना हिंगूळ फासला होता. हे मला पुन्हा पुन्हा आठवतं. हिंगूळ फासणारा माणूस नवव्या दिवशी…

असो. पोस्टमॉर्टेम, पंचनामा, मग माती. रात्री तो गेला त्या जागी पीठ पसरून दिवा ठेवला आणि वर डालं झाकलं. गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला, त्याचं पाऊल पिठावर उमटतं म्हणतात. सकाळी डालं उचललं तर पिठात दोन सरळ रेघा. म्हातारी माणसं वाकून बघत राहिली. मोठे काका म्हणाले, “बंडीची चाकोरी आहे. शेतकऱ्याच्याच घरी आला पोरगा.” माय कितीतरी वेळानं हुंदका थांबवून त्या रेघांकडे बघत बसली. माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. भाच्याच्या लाकडी बैलाच्या चाकांना पीठ लागलेलं होतं. मी तो उचलला आणि पदरानं चाकं पुसून ठेवली. आजवर कुणाला बोलले नव्हते.

आणि मग लोक. दारात चपला काढायच्या आधीच, “कसं झालं वो?” वहिनी सांगायची. दुसरे आले की पुन्हा, “कसं झालं?” ती पुन्हा सांगायची. “कर्ज किती होतं त्याच्यावर?” “घरात काही वाजलं होतं काय?” “घेत होता काय?” ती सगळं सांगायची, कॅसेट लावल्यासारखं. दुसऱ्या दिवसापर्यंत तिचा आवाज बसला. लोक वाईट नव्हते. दहा-दहा कोसांवरून आले होते, कुणी पायलीभर तांदूळ आणले होते. पण काहीतरी बोलायचंच असतं असं आपल्याला वाटतं, आणि बोलायला दुसरं काही सुचत नाही.

माय रडायला लागली की मोठे काका म्हणायचे, गाडगेबाबाचा मुलगा गेला तेव्हा बाबा कीर्तनात होते, ‘ऐसे गेले कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी’ म्हणाले आणि कीर्तन चालू ठेवलं. बाबा आमच्या वऱ्हाडचे, शेंडगावचे. आमच्या घरात देवापेक्षा त्यांचा फोटो मोठा आहे. पण ते स्वतःबद्दल बोलले होते. मायला गप्प करायला ते वाक्य वापरायची परवानगी त्यांनी कुणाला दिली, मला माहीत नाही.

मी स्वयंपाकघरात होते. एवढ्या माणसांचा चहा, मग पिठलं, मग भांडी. लग्न झालेली बहीण म्हणजे परघरची. मला सुतकही नावापुरतंच. कुणी मला विचारायलाही आलं नाही, आणि त्याचं मला बरंच वाटत होतं.

चौथ्या दिवशी अलिबागचा फोन आला. ती नऊ वर्षांपूर्वी इस्राएलला गेली, अश्दोदला असते, तिथंही नर्सच. मी ‘दादा गेला’ म्हटल्यावर तिनं विचारलं, “तू कुठं बसलीस?”

“बसते कुठं? चहा करतेय.”

“यवतमाळ, सात जणांनी बसायचं असतं. आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, नवरा-बायको. बहीण आहे त्यात. जा, बस.”

मी गोठ्याजवळ उभी राहून रडले, चार दिवसांत पहिल्यांदा. मग आत जाऊन पाट घेतला आणि दिव्यासमोर, वहिनीच्या शेजारी बसले. मोठी काकू म्हणाली, “तुले कायचं सुतक बाई? तू त परघरची. चहा कोन ठेवीन?”

वहिनी बसल्या आवाजात म्हणाली, “बसू द्या न ताईले.”

चहा काकांनी ठेवला. चांगला नव्हता.

त्यानंतर जो कुणी ‘कसं झालं’ म्हणत आला, त्याला मी मधेच थांबवायचे आणि म्हणायचे, “ते राहू द्या काका, तुम्हाला दादाचं काय आठवते ते सांगा.” अलिबागनं सांगितलेलं मला पक्कं आठवत होतं. तालमूदमध्ये, म्हणजे त्यांच्या जुन्या धर्मग्रंथात, दुःखाचा हिशेब लावून ठेवलाय. तीन दिवस रडण्याचे, सात दिवस गेलेल्याबद्दल बोलण्याचे, तीस दिवस केस न कापण्याचे नि इस्त्रीचे कपडे न घालण्याचे. त्यापुढेही कुणी तसाच रडत राहिला तर देव म्हणतो, तुला काय माझ्यापेक्षा जास्त दया आहे त्याची? मला हे फार आवडतं. रडू नको असं ते कुठंही म्हणत नाहीत. रड, आणि हे घे, एवढे दिवस.

पहिला बोलला सालदार. दादा डवऱ्याच्या बैलांना जुनी गाणी म्हणून दाखवायचा, बेसूर, आणि ढवळा बैल हटकून कान हलवायचा. मग शाळेतला मित्र बोलला. मग वहिनी बोलली, लग्नाच्या पहिल्या वर्षी दादानं तिच्यासाठी आर्णीच्या बाजारातून सँडल आणली होती आणि दोन्ही एकाच पायाच्या निघाल्या. ती हसली. हसल्यावर घाबरून मायकडे पाहिलं. मायही हसत होती.

कपडा मी फाडला नाही. अंगावरची साडी वहिनीनंच घेतलेली होती.

एक गोष्ट मी अलिबागला घाबरत घाबरत विचारली होती, की स्वतःहून गेलेल्यासाठी बसतात का तुमच्यात? ती थोडा वेळ थांबली. म्हणाली, जुन्या नियमात बसत नव्हते. मग रब्बींनी, म्हणजे त्यांच्या धर्मपंडितांनी, वाट काढली. माणूस ठिकाणावर असताना हे करत नाही, वेदनेनं त्याच्या मनाचा ताबा घेतलेला असतो, असं धरायचं. आणि नियम कितीही कडक असला तरी मागे राहिलेल्यांसाठी जे करायचं, त्यांच्याजवळ बसायचं, ते अडवायचं नाही.

म्हणजे त्यांच्या ग्रंथातही पात्र-अपात्र होतं. हा शब्द आमच्या घरात पुढे फार वेळा आला. अशा घराला सरकारी मदत एक लाख रुपये मिळते, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेव. जमीन बाबांच्या नावावर होती आणि निम्मं कर्ज खाजगी, त्याला कागद नाही. काही महिन्यांनी एका कार्यालयातून पत्र आलं, त्यात एकच शब्द वाचण्यासारखा होता, अपात्र. वहिनीनं ते घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवलं. त्यांच्या रब्बींनी निदान माणसाला अपात्र ठरवायचं टाळण्यासाठी डोकं चालवलं, असं मला तेव्हा वाटून गेलं.

तेरवीवरून वाद झालाच. काकांना गावजेवण हवं होतं, बुंदीसकट. कर्ज काढून दिवस घालू नका, हे गाडगेबाबांनी जन्मभर सांगितलं, ते मात्र तेव्हा काकांना आठवलं नाही. मी मायला रब्बान गमलिएलची गोष्ट सांगितली. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी मयताचा खर्च एवढा वाढला होता की घरचे मयत टाकून पळून जायचे. हा मोठा माणूस, धर्मपंडितांचा प्रमुख. त्यानं सांगून ठेवलं, मला साध्या लिननच्या कापडात पुरा. तेव्हापासून श्रीमंत असो की गरीब, सगळ्यांना तेच साधं पांढरं कापड. त्याला खिसाही नसतो.

माय ऐकून म्हणाली, “थो बी आपल्या बाबासारखाच दिसते.” आणि काकांना म्हणाली, “वरन-भात आन् वांग्याची भाजी. बुंदी नाही.” माणसं दीडशे आली. कमी नव्हेत, पण उधारी झाली नाही.

मी आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे नर्स, आहे. आमच्याकडे आशाताई घरोघरी जाऊन विचारतात, झोप येते का, जेवण जातं का, जगावंसं वाटतं का. ते काम गरजेचं आहे आणि ज्याला रात्री कुणाशी बोलावंसं वाटेल त्याच्यासाठी टेली-मानसचा 14416 हा नंबर मी फळ्यावर मोठा लिहून ठेवलाय, मराठीत बोलतात. पण ज्या घरी होऊन गेलेलं असतं तिथं मी आता वेगळी जाते. बॅग दाराशी ठेवते. बसते. पहिल्या वेळी फार अवघड गेलं. तीन मिनिटं गप्प बसायचं म्हणजे काय, ते बसून बघा. एका घरी म्हातारी पंचवीस मिनिटांनी बोलली, आणि तेही काय, तर “तुह्या पायाले चिखल लागला, धुऊन घे.” निघताना पुन्हा ये म्हणाली.

निघताना म्हणायचं एक वाक्य ज्यूंमध्ये बऱ्याच ठिकाणी आहे, देव तुमचं सांत्वन करो, अशा अर्थाचं. पण तिथं देवाला जो शब्द वापरलाय तो ‘हामाकोम’. त्याचा सरळ अर्थ, जागा.

पहिल्या वर्षश्राद्धाचा घोळ सांगायचा राहिला. 24 ऑगस्ट 2023 च्या रात्री तिचा व्हिडिओ कॉल. तिनं खिडकीत मेणबत्ती लावली होती, चोवीस तास जळणारी. म्हणाली, आज सूर्य मावळल्यापासून दादाचा दिवस, एलूल महिन्याची आठ तारीख. मी म्हटलं, अगं, त्याची तिथी भाद्रपद शुद्ध अष्टमी, ती अजून महिनाभर लांब आहे! दोघी बोटं मोजत बसलो. मग उलगडलं, त्यांच्यातही धोंड्याचा महिना असतो. चंद्राचे महिने आणि सूर्याचं वर्ष जुळवायला एकोणीस वर्षांत सात महिने जास्तीचे घालतात. फक्त तो नेहमी अदारच असतो, आपल्यासारखा कधी श्रावण, कधी चैत्र नाही. त्या वर्षी आमचा अधिक श्रावण होऊन गेला होता आणि त्यांचा जादा अदार पुढच्या फेब्रुवारीत यायचा होता. त्यामुळे दादाचा दिवस त्या साली दोनदा झाला. मायला सांगितलं तर तिला काही वावगं वाटलं नाही.

मग ऑक्टोबर आला आणि इस्राएल-गाझाचं युद्ध पेटलं. तिकडच्या बातम्या टीव्हीवर आमच्या गावातसुद्धा दिवसभर लागायच्या. त्या सीमेच्या दोन्ही बाजूंना किती घरांत चूल पेटली नसेल, ते मोजायची माझी ताकद नाही. तिच्याच इमारतीतल्या एका घरी लोक खाली बसले होते. मी फोन लावला आणि गप्प राहिले. खूप वेळानं ती म्हणाली, “यवतमाळ, शिकलीस गं.” आणि रडायला लागली.

2024 मध्ये दोन्ही पंचांगं पुन्हा जुळली. 11 सप्टेंबर, भाद्रपद शुद्ध अष्टमी आणि एलूलची आठ, एकच दिवस. महालक्ष्म्याही त्याच दिवशी जेवणाऱ्या. वहिनीनं त्या साली पुन्हा मांडल्या होत्या. आदल्या रात्री साडेनऊच्या सुमारास, म्हणजे तिकडे सूर्य मावळला तेव्हा, फोन वाजला. मी तो उभ्या महालक्ष्म्यांपुढे तांब्याला टेकवून ठेवला. तिच्या बाजूला मेणबत्ती, आमच्या बाजूला समई. वहिनी बसली, माय बसली, मी बसले. भाचा आता नऊ वर्षांचा. त्यानं कोपऱ्यातून तो लाकडी बैल आणून फोनसमोर उभा केला. एक शिंग तुटलंय, बेगड कधीच निघून गेलं.

कुणीच काही बोलेना. भाच्यानं थोडा वेळ वाट पाहिली, मग माझ्या कानाशी आला.

“आत्या, आवाज येऊन नाही राहिला काय?”

“येऊन राहिला,” मी म्हटलं. “बस.”